वर कुंदा, खाली मी

गाडीच्या पुढच्या एक्सलचा आजार एकट्या माणसाला सापडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते सगळं यावरच उभं आहे. इंजिनाचं दुखणं एकटा माणूस कान लावून शोधतो. ब्रेक, क्लच, गिअर, सगळं एकट्यानं जमतं. पण स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळेपर्यंत मधला कुठला सांधा चुकारपणा करतो, हे बघायला एक माणूस वर स्टिअरिंगवर लागतो आणि दुसरा खाली, पाठीवर झोपून, सांध्यावर हात ठेवून. मी उभा जन्म खाली झोपलो. वर बसायची ती कुंदा, माझी बायको.

पनवेलला हायवेच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. अजून आहे, आता माझा पुतण्या महेश चालवतो. लोक मला 'पुढच्या कामाचे काका' म्हणायचे. मागचं काम घेऊन कुणी आलं तर मी सरळ दुसऱ्याकडं पाठवायचो. पंगतीत वाढपी एकच पदार्थ घेऊन फिरतो ना, तसा मी आयुष्यभर एकच पदार्थ वाढला.

हल्ली उंच केलेल्या पिकअपचं खूळ आलंय. गाडीचं धूड एक्सलपासून वर उचलायचं, खाली हे भले मोठे टायर घालायचे आणि मग फोटो काढायचे. आरटीओला ते मान्य नाही, आणि खरं सांगायचं तर एक्सललाही नाही. मोठं चाक म्हणजे लांब पाना. लांब पान्यानं नट लवकर सुटतो, कारण जोर जास्त पडतो. तसंच मोठं चाक खड्ड्यात आपटलं की तोच धक्का सांध्यांना जास्त पिळतो. कंपनीनं सांधे दिलेत लहान चाकाच्या हिशेबानं. नाकापेक्षा मोती जड झाल्यावर नाक बिचारं काय करणार? मग एक दिवस गाडी वेगात असताना स्टिअरिंग हातात थडाथडा उडायला लागतं, पुढची दोन्ही चाकं भूत लागल्यासारखी हलतात आणि चालवणाऱ्याला देव आठवतो. गाडी थांबवली की सगळं शांत. गॅरेजला आणली तर म्हणते, मी काहीच केलं नाही.

अशी गाडी आली की बरेच कारागीर पहिली चूक करतात ती म्हणजे जॅक लावतात. चाक हवेत लटकलं की सांध्यावरचं वजन जातं, आणि वजन गेलं की ढिलाई लपते. गाडी स्वतःच्या पायांवर उभी पाहिजे. दुसरी चूक म्हणजे वरचा माणूस स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा फिरवतो. त्यात सगळे सांधे ताणले जातात आणि खालच्याला काही कळत नाही. चाक मधोमध ठेवून थोडंसं डावीकडं, थोडंसं उजवीकडं, पटपट, पण एकसारखं हलवायचं असतं. तेव्हा ढिला सांधा 'टक' करतो. तो कानाला नाही, बोटाला ऐकू येतो.

हे थोडंसं म्हणजे किती, ते मी कित्येक जणांना शिकवून थकलो. कुंदाला शिकवावं लागलं नाही.

ती मूळची उरणजवळच्या मोऱ्याची, कोळ्याची पोर. घरात मुलगा नव्हता, म्हणून बापानं खाडीत जाळं टाकताना होडीचं सुकाणू हिच्या हातात दिलेलं. जाळं पडत असताना होडी जागेवर ठेवायची तर सुकाणू ओढून चालत नाही, नुसतं चाळवावं लागतं. लग्नानंतर एकदा ती डबा घेऊन शेडमध्ये आली. वर बसणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. मी खालूनच ओरडलो, "अगं, जरा वर बस आणि चाक हलव." ती चपला काढून वर चढली. देवघरात जावं तशी चपला काढायची ती, शेवटपर्यंत. तिनं दोनदा हलवलं आणि माझ्या हाताखालचा सांधा टकटक बोलायला लागला. मी बाहेर येऊन तिच्याकडं बघत राहिलो तर म्हणते, "डबा गार होतोय तुमचा."

त्यानंतर ती माझी वरची झाली. गंमत अशी की तिला गाडी चालवता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे कधीच आली नाही. शेकडो गाड्यांचं स्टिअरिंग तिच्या हातून गेलं, सगळ्या उभ्या. चालत्या गाडीत ती खिडकीला बसायची आणि जरा जोरात गेलो की मलाच धरायची.

मोऱ्याचे एक नाखवा होते, मासळीची पिकअप असलेले. त्यांनी गाडी उंच केली ती हौस म्हणून नाही. उधाणाच्या भरतीला बंदरावरच्या उतारावर पाणी चढतं, आणि खारं पाणी चाकाच्या हबमध्ये शिरलं की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. म्हणून त्यांनी कुठल्याशा लोहाराकडून स्प्रिंगेत दोन पाटे जास्तीचे घालून घेतले, चाकं मोठी लावली आणि गाडी वर उचलली. पाणी लागेना, पण गाडी रस्त्यावर सरळ जाईना. चार ठिकाणी दाखवून आले. कुणी टायर बदलून दिले, कुणी चाकं तोलून दिली, कुणी स्टिअरिंगला जाड डँपर बसवून दिला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला प्रकार. डँपर हलणं दाबतो, पण बरं करत नाही.

मी विचारलं, "नाखवा, गाडी नेमकं करते काय?"

"शीड पडल्यावानी जाते," नाखवा म्हणाले. "हात सोडला का भिरकटते."

मला काही उमजेना. वरून कुंदा म्हणाली, "अहो, वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ येत नाय असं सांगतान ते. होडी पाण्यात पुढं सरकत असली का सुकाणू आपलं आपण मधी येतं. ती उभी राहिली का सुकाणू मेलं. तसं झालंय त्यांचं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो सरळ उभा नसतो, थोडा पुढं कललेला असतो. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल चालवतात. मोटारीच्या एक्सललाही असाच कल असतो, त्याला कास्टर म्हणतात. लोहारानं पाटे घालताना एक्सल गोल फिरला होता आणि तो कल गेला होता. मी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घातली, कल परत आणला. नाखवा एक फेरी मारून आले, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर करून दाखवत. दुसऱ्या दिवशी बर्फातली सुरमई घरी आली. कुंदा म्हणाली, "कल तुमी आणला, पण सुरमई माझी."

दुसरे एक नवीन पनवेलचे साहेब होते, मोठ्या कंपनीत नोकरीला. त्यांची उंच पिकअप सेक्टराच्या बाहेर कधी चिखलात गेली नव्हती, पण रोज धुतलेली असायची. ती साठच्या पुढं गेली की थरथरायची. साहेबांना गाडी माझ्याकडं सोडून जायला जीव होईना. म्हटलं, मग या खाली. तर खरंच इस्त्रीच्या शर्टानिशी माझ्या शेजारी पोतं अंथरून झोपले. कुंदा वर. मी त्यांचा हात धरून एकेका सांध्यावर ठेवला. हा टाय रॉडचा एंड, हा बॉल जॉइंट, हे एक्सल आडवा सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचं रबरी बुश. बुशावर हात गेल्यावर साहेबांनी तो तिथंच दाबून धरला. मग हळूच म्हणाले, "काका, टक झालं." लहान मूल पोटातल्या भावंडाला हात लावून सांगतं ना, तसे म्हणाले. बुश बदललं, थरथर गेली. तरी पुढं कितीतरी वेळा ते काही काम नसताना यायचे आणि म्हणायचे, "काका, जरा खाली जाऊन येऊ?" कुंदा वर बसून हसायची.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मला गॅरेजची आठवण येते म्हणजे ग्रीसची, पान्यांची येते असं नाही. मला आमच्या दोघांमधल्या त्या पत्र्याची आठवण येते. मी खाली, ती वर, मध्ये गाडीचा तळ. एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, आणि म्हणूनच की काय, आम्ही तिथं जेवढं बोललो तेवढं घरी कधी बोललो नाही. घरी माणसं असायची. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, माझ्या आईचं आणि तिचं का पटत नाही, पोरीनं स्वतःच ठरवलेला मुलगा आपल्याला चालेल का, हे सगळं तळाच्या दोन बाजूंनी ठरलं. समोरासमोर असतो तर भांडलो असतो. चिडली की तिच्या हातातलं चाक जोरात फिरायचं आणि मी खालून म्हणायचो, "हळू, एंड तुटेल." ती म्हणायची, "तुटू दे." मग थोड्या वेळानं चाक परत शहाण्यासारखं हलायचं. तिचा राग किती उरलाय ते मला एंडावरच्या बोटाला कळायचं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा आला. हाताची बोटं मात्र धड मिटत नाहीत, पेला धरला तर थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा. ती हात पदराखाली घेऊन बसायला लागली. बोलण्यात तसा काही दोष राहिला नव्हता, शब्द जरा सावकाश यायचे इतकंच, पण तिनं बोलणंच आटोपतं घेतलं. हाय, नाय, बरं. मी शेड महेशच्या हवाली केली आणि घरी बसलो. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दिवसभर समोरासमोर बसायचो, टीव्ही चालू. इतकी वर्षं जिच्याशी बोलताना तोंड दिसत नव्हतं, तिचं तोंड आता सारखं समोर आणि आवाज नाही. मी फार तरसलो. या वयात असं लिहायला लाज वाटायला पाहिजे, पण नाही वाटत.

गेल्या पावसाळ्यानंतर महेशचा फोन आला. "काका, एक पिकअप आलीये, उंच केलेली. द्रोणागिरीच्या गोदामांत माल पोचवणारा पोरगा आहे. सगळे एंड नवीन टाकले, अलाइनमेंट मशीनवर सगळं बरोबर दाखवतं, तरी कर्नाळ्याच्या वळणावर चाकं नाचतात. दोनदा परत आलाय. तुम्ही एकदा हात लावून जा." महेश चांगला कारागीर आहे, मशीनही खोटं बोलत नाही. मशीन चाकाचे कोन सांगतं, आणि कोन बरोबरच होते.

मी कुंदाला म्हटलं, "चल."

"मी काय करू तिथं?"

"वर बसायला कोणी नाही."

"महेशकडं चार माणसं हायत."

"त्यांना हलवता येत नाही, ते फिरवतात."

ती हाताकडं न बघता म्हणाली, "लोक हाताकडं बघतात."

मी चिडलो. म्हटलं, "लोक बघतात तर बघू देत, मी कोणासाठी थांबलोय इथं? मला नाही करमत. घरात बसून माझं डोकं फिरायला लागलंय. तू नुसती खुर्चीवर बस, पण चल." एवढं ओरडल्यावर ती साडी बदलायला उठली. जाताना म्हणाली, "खुर्चीवरच बसंन."

शेडमध्ये ती पिकअप उभी होती. बाबा रे, केवढी ती. मोठे टायर, वर उचललेलं धूड, दाराची पायरी कुंदाच्या कमरेला लागेल इतकी उंच. ते बघूनच माझा धीर गेला. मालक रोशन, तिशीतला, हात पुसत पुढं आला आणि कुंदाला बघून थांबला. "आत्या ना तुमी? मोऱ्याच्या?" तो तिच्या माहेरच्या आळीतला निघाला, तिच्या चुलत भावाचा मुलगा. "आत्या, गाडी जरा उंच हाय," असं म्हणत त्यानं मागून मासळीचे दोन क्रेट काढले, दारापाशी एक आडवा आणि त्याला लागून दुसरा उभा ठेवून पायऱ्या केल्या. तिला कोणी विचारलंच नव्हतं, पण त्यानं गृहीतच धरलं की ही चढणार. जे विचारायची माझी हिंमत होत नव्हती, ते त्याच्या अडाणी प्रेमानं करून टाकलं.

कुंदानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

तिनं चपला काढल्या. डाव्या हातानं दाराचा दांडा धरून एक क्रेट चढली. आम्ही तिघं पुढं झालो तर म्हणाली, "बाजूला व्हा, बाजारात उभे हाव का?" दुसऱ्या क्रेटवर उजवा पाय उचलेना. थांबली. श्वास घेतला. मग गुडघा सीटवर टेकवून आत शिरली, आणि पदर सारखा करत ताठ बसली. महेशनं तोंड फिरवून उगाच कुठला तरी पाना शोधला.

मी पोत्यावर झोपून खाली सरकलो. स्टिअरिंग हलकं फिरावं म्हणून रोशननं इंजिन चालू करून दिलं आणि उतरला. वरून आवाज आला, "हलवू?"

"हलव."

चाक हललं. एकसारखं नव्हतं. डावा हात ओढायचा आणि उजवा मागून कसाबसा लागायचा, त्यामुळं एक बाजू लांब आणि एक आखूड. मी एंडांवर हात फिरवला, सगळे घट्ट. मग स्टिअरिंग बॉक्स जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतो तिथं हात नेला. अर्धा तळवा बॉक्सवर, अर्धा चासीवर, अंगठा मधल्या फटीवर. हे दोन्ही एकजीव असायला पाहिजेत. चाक उजवीकडं गेलं आणि अंगठ्याखाली बॉक्स किंचित सरकला. पुन्हा सरकला. बॅटरी मारून बघितलं तर बोल्टाच्या भोकापासून चासीला केसासारखी चीर गेलेली. मोठ्या चाकांनी पिळून पिळून चासीच फाटायला आली होती. या गाडीनं अजून थोडे दिवस वळणं घेतली असती तर स्टिअरिंग पोराच्या हातात राहिलं असतं आणि गाडी दरीत गेली असती. वेल्डिंग करून पट्टी मारली की काम होणार होतं.

सापडलं होतं. आता 'बस' म्हणायचं आणि बाहेर यायचं.

मी म्हटलं, "अजून."

चाक हलत राहिलं. थोड्या वेळानं वरून आली विचारणा, "डावा एंड बघितला?"

"बघतोय."

"बघा नीट. घाई करू नका." मग, "अहो, तुमाला सांगायचं राह्यलं. त्या वरच्या मजल्यावरच्या बाईनं गच्चीत वाळवणं घातलीत आणि आमाला जागा नाय ठेवली. मी तिला बोलणार हाय."

"बोल की."

"बोलणारच. आणि पोरीचा फोन आला का तिला विचारा, जावई सारखा गप्प का असतो. तिला वाटतं मला कळत नाय." इंजिन घुमत होतं, ती त्याच्या वरताण आवाज काढून बोलत होती. शब्द सावकाश येत होते, पण एकामागून एक येत होते. डॉक्टर काय म्हणाला आणि त्याचं काय चुकलं. मला भाजीत मीठ कळत नाही. मोऱ्याला एकदा जाऊन यायचंय, चुलत भाऊ थकलाय. दोन वर्षांचं साठलेलं ती माझ्या अंगावर सांडत होती आणि मी पाठीवर पडून अंगठा त्या चिरेवर ठेवून होतो. चाक आता बरंच एकसारखं हलत होतं. उजवा हात लागत होता. डोळ्यांत पाणी आलं ते दोन्ही बाजूंनी कानांत गेलं, आडवा माणूस रडला की असंच होतं.

रोशननं वाकून खाली तोंड घातलं. "काका, सापडला का काय?" मी बोट ओठांवर ठेवलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि महेशला घेऊन चहाला गेला.

जावेच्या सुनेची हकीकत चालू असताना कुंदा अचानक थांबली. चाकही थांबलं.

"अहो."

"काय?"

"तुमाला कवाच सापडलंय ना?"

इतकी वर्षं तिच्या हाताखाली काम केलं, तिच्याशी काय लपणार? मी म्हटलं, "हो."

"मंग बाहेर का येत नाय?"

"तू बोलत होतीस."

मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते दिसायला हवं होतं असं वाटलं. मी सरकून बाहेर यायला कोपर टेकलं.

"पडा तिथंच," ती म्हणाली. "मी कुठं उतरत्ये?"

आणि जावेच्या सुनेचं जिथं तोडलं होतं, तिथून तिनं पुढं सुरू केलं.